चौकशी ते ग्राहक : महाजालावरील विपणनातील एका पायरीचा इतिहास

प्रस्तावना

व्यापारशास्त्राच्या परिभाषेत ज्याला 'लीड' म्हणतात त्यास मराठीत अद्याप सर्वमान्य प्रतिशब्द रूढ झालेला नाही. 'चौकशी' हा त्यातल्या त्यात जवळचा शब्द. मात्र चौकशी म्हटले की मराठी वाचकास चौकशी समितीही आठवते. दुकानदाराच्या बोलीत हा भेद पूर्वीपासून स्पष्ट आहे. दुकानाची पायरी चढून भाव विचारून जाणारा माणूस वेगळा आणि रोख पैसे मोजून सकाळची भवानी करणारे गिऱ्हाईक वेगळे. पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर कसे होते, हा व्यापारातील सर्वांत जुना प्रश्न होय. महाजालाच्या आगमनाने त्याचे स्वरूप पालटले, तो सुटला मात्र नाही.

एखाद्या वस्तूविषयी वा सेवेविषयी आस्था दाखवून स्वतःचे नाव, दूरध्वनी क्रमांक किंवा ई-मेल पत्ता देणारी, परंतु अद्याप पैसे न भरलेली व्यक्ती, असा 'लीड' या संज्ञेचा अर्थ प्रस्तुत लेखात गृहीत धरला आहे. अशा व्यक्तीस पैसे भरणारा ग्राहक बनविण्याच्या प्रयत्नांचा, विशेषतः भारतातील प्रयत्नांचा, ऐतिहासिक मागोवा येथे घ्यावयाचा आहे. या विषयावरील बहुतेक लेखन तंत्राच्या अंगाने झालेले आढळते. कोणते सॉफ्टवेअर वापरावे, अर्जात किती रकाने ठेवावेत, कळीचा रंग कोणता असावा, अशा सूचनांची त्यात रेलचेल असते. या सूचना निरुपयोगी आहेत असे नव्हे. परंतु इतिहासाच्या दृष्टीने पाहता निराळीच गोष्ट ध्यानात येते. चौकशी करणे जसजसे सोपे आणि स्वस्त होत गेले, तसतसे तिचे विक्रीत रूपांतर होणे कठीण होत गेले आणि तो भार पुढच्या पाठपुराव्यावर पडला. भारतात हा पाठपुरावा दीर्घकाळ यंत्रांनी नव्हे तर माणसांनी केला, आणि त्याची किंमत पुष्कळदा चौकशी करणाऱ्यानेच मोजली.

टपालाचा वारसा : कूपन आणि व्ही.पी.

दूर असलेल्या, कधीही न पाहिलेल्या ग्राहकास माल विकण्याचा पहिला मोठा प्रयोग अमेरिकेत टपालाच्या साहाय्याने झाला. शिकागो येथील माँटगोमेरी वॉर्ड यांनी १८७२ मध्ये एका कागदावर १६३ वस्तूंची यादी छापून शेतकऱ्यांना पाठविली. व्यापारी डोळ्यांसमोर नाही, माल हाताळून पाहता येत नाही आणि पैसे मात्र आधी पाठवावयाचे, या अडचणीवर त्यांनी १८७५ मध्ये काढलेला तोडगा महत्त्वाचा आहे. समाधान न झाल्यास पैसे परत देण्याची हमी त्यांनी जाहीर केली. ग्राहकाच्या मनातील संशय दूर केल्याखेरीज यादीचा कागद कितीही सुबक असला तरी व्यर्थ, हे त्यांनी ओळखले होते.

विक्रीच्या टप्प्यांचे शास्त्र याच सुमारास आकाराला येऊ लागले. ओहायो प्रांतातील डेटन येथे जॉन पॅटरसन यांच्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीने १८८७ मध्ये विक्रेत्यांसाठी एक पाठपुस्तिकाच तयार केली. गिऱ्हाइकाची भेट, प्रस्ताव, यंत्राचे प्रात्यक्षिक आणि सौद्याचा शेवट अशी विक्रीची फोड करून ती विक्रेत्यांकडून पाठ करून घेतली जात असे. १८९८ च्या सुमारास एल्मो लुईस यांनी लक्ष, आस्था, इच्छा आणि कृती या क्रमाचे सूत्र मांडण्यास प्रारंभ केला. या क्रमास 'नरसाळ्या'ची उपमा मिळाली ती १९२४ मधील विल्यम टाउनसेंड यांच्या कर्जरोख्यांच्या विक्रीवरील पुस्तकात. आज विपणनाच्या वर्गात शिकविले जाणारे नरसाळे असे शंभर वर्षांपूर्वीचे आहे. मात्र उपमा थोडी फसवी आहे, हेही नमूद केले पाहिजे. नरसाळ्यात वरून ओतलेला पदार्थ कधीतरी पूर्णपणे खाली उतरतोच. विक्रीच्या नरसाळ्यातून बहुतांश माणसे मध्येच बाहेर पडतात आणि ती कोठे जातात याची फारशी कोणी दखल घेत नाही.

या परंपरेतील सर्वांत मर्मग्राही लेखन क्लॉड हॉपकिन्स यांचे मानावे लागते. त्यांचे 'सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग' हे छोटे पुस्तक १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले. वृत्तपत्रातील जाहिरातीच्या कोपऱ्यात छापलेल्या कूपनावर खुणेचा सांकेतिक आकडा घालावयाचा, म्हणजे वाचकाने कापून पाठविलेले कूपन कोणत्या वृत्तपत्रातील कोणत्या मजकुरामुळे आले हे कळते. मग प्रत्येक उत्तरामागे आणि प्रत्येक विक्रीमागे किती खर्च आला याचा हिशेब मांडता येतो. महाजालावरील जाहिरातीच्या दुव्याला जोडलेल्या खुणा याच युक्तीचे नवे रूप होत. हॉपकिन्स यांचा दुसरा मुद्दा अधिक सूक्ष्म आहे. वस्तूचा नमुना वाटेल त्याला वाटू नये, ज्याने थोडेफार श्रम घेऊन आपली आस्था प्रकट केली त्यालाच द्यावा, असे ते सांगतात. त्याच वेळी नमुन्यास किंमत ठेवल्यास उत्तरांची संख्या फार घटते, हेही बजावतात. म्हणजे चौकशी अगदी फुकटही नसावी आणि महागही नसावी. कात्रीने कूपन कापणे, पाकीट लिहिणे, तिकीट चिकटवणे एवढे कष्ट हा आस्थेचा पुरावा होता. हा पुरावा पुढे नाहीसा झाला तेव्हा काय घडले, हे यथावकाश पाहू.

भारतात ही पायरी ओलांडण्याची एक वेगळी सोय टपाल खात्यानेच उपलब्ध करून दिली. १८७७ मध्ये सुरू झालेल्या मूल्यदेय टपाल पद्धतीत, म्हणजे मराठी माणसाच्या परिचयाच्या 'व्ही.पी.'मध्ये, पार्सल हाती आल्यावर पोस्टमनजवळ पैसे भरावयाचे आणि ती रक्कम टपाल खात्याने विक्रेत्याकडे पोहोचवावयाची, अशी व्यवस्था होती. पुस्तके, औषधे, घड्याळे यांच्या जाहिरातींत 'व्ही.पी.ने मागवा' ही सूचना पिढ्यान्‌पिढ्या झळकत राहिली. मराठी नियतकालिकांचे संपादक वर्गणी संपलेल्या वाचकास पुढील अंक व्ही.पी.ने पाठवीत, आणि 'कृपया व्ही.पी. परत करू नये' अशी विनंतीही करीत. ती विनंती निष्कारण नव्हती. परत आलेल्या व्ही.पी.चा जाण्यायेण्याचा खर्च प्रकाशकाच्या अंगावर पडत असे. अनोळखी विक्रेता आणि अनोळखी ग्राहक यांच्यामध्ये सरकारी खात्याचा एक ओळखीचा माणूस उभा करणारी ही व्यवस्था, एकविसाव्या शतकातील भारतीय ई-व्यापाराची खरी पूर्वज म्हणावी लागेल.

टिचकीचे मोजमाप

२७ ऑक्टोबर १९९४ रोजी 'हॉटवायर्ड' या अमेरिकी संकेतस्थळावर पहिल्या फलक-जाहिराती झळकल्या. त्यांपैकी एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीवर ती पाहणाऱ्यांपैकी ४४ टक्के लोकांनी टिचकी मारली, अशी नोंद वारंवार दिली जाते. हा नवलाईचा आकडा होता. काही वर्षांतच फलकांवरील टिचक्यांचे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली घसरले. नुसत्या दर्शनाचे पैसे का मोजावेत, असा प्रश्न जाहिरातदार विचारू लागले, आणि बिल ग्रॉस यांच्या 'गोटू डॉट कॉम'ने १९९८ मध्ये टिचकीगणिक दर आकारून लिलावाची पद्धत आणली. गूगलची 'ॲडवर्ड्स' सेवा ऑक्टोबर २००० मध्ये अवघ्या ३५० जाहिरातदारांनिशी सुरू झाली तेव्हा दर हजार दर्शनांमागेच आकारला जात होता; २००२ पासून तेथेही टिचकीचा लिलाव आला.

या बदलाने जाहिरातदाराची जोखीम एका पायरीने कमी झाली, परंतु टिचकी मारणाऱ्याचा ग्राहक झाला की नाही हे त्याला अजूनही स्वतःच शोधावे लागे. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या 'सेल्सफोर्स'ने विक्रेत्यांच्या वहीतील चौकशांच्या नोंदी महाजालावर आणल्या. २००५ मध्ये गूगलने 'अर्चिन' ही कंपनी विकत घेऊन तिच्या पायावर 'ॲनालिटिक्स' ही मोफत सेवा दिली, आणि कोणत्या मार्गाने आलेला पाहुणा कोठवर पोहोचून परतला हे सामान्य व्यापाऱ्यासही दिसू लागले. एकाच पानाच्या दोन आवृत्त्या वेगवेगळ्या पाहुण्यांना दाखवून तुलना करण्याची पद्धतही रूढ झाली. तिचे गाजलेले उदाहरण व्यापारातील नव्हे तर राजकारणातील आहे. बराक ओबामा यांच्या २००८ च्या निवडणूक प्रचारात संकेतस्थळाच्या प्रवेशपानाची चित्रे आणि कळीवरील शब्द बदलून २४ जुळण्या तपासण्यात आल्या. नावनोंदणीचे प्रमाण ८.२६ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर गेले. प्रचारकांचा ओढा चलत्‌चित्राकडे होता, लोकांनी मात्र कुटुंबाच्या साध्या छायाचित्रास पसंती दिली. असे असले तरी नाव नोंदविणे आणि देणगी देणे यांतील अंतर ई-मेलच्या चिवट पाठपुराव्यानेच कापावे लागले, हे विसरता येत नाही.

भारतीय प्रारंभ : छापलेल्या चौकशा आणि दारोदार फिरणारे प्रतिनिधी

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात महाजाल सर्वसामान्यांसाठी खुले केले. जोडणी महाग, दूरध्वनीच्या तारा बेभरवशाच्या आणि नोव्हेंबर १९९८ च्या नव्या धोरणापर्यंत क्षेत्र सरकारी मक्तेदारीचे. अशा काळात महाजालावरून चौकशा मिळवून देण्याचा धंदा करू पाहणाऱ्यांपुढे विलक्षण अडचण होती. ज्यांच्याकडून पैसे मिळावयाचे त्यांच्यापाशी संगणकच नव्हता.

दिनेश अगरवाल यांनी १९९६ मध्ये दिल्लीत सुरू केलेल्या 'इंडियामार्ट'चा आरंभ या दृष्टीने बोधप्रद आहे. भारतीय निर्यातदारांची सूची संकेतस्थळावर ठेवावयाची आणि परदेशी खरेदीदारांच्या चौकशा त्यांच्याकडे पोहोचवावयाच्या, अशी कल्पना होती. चौकशा ई-मेलने येत. पण निर्यातदाराकडे ई-मेल नसे. तेव्हा त्या कागदावर छापून फॅक्सने वा टपालाने पाठविल्या जात. महाजालाच्या वेगाची ख्याती ऐकलेल्या आजच्या विद्यार्थ्याला हे विनोदी वाटेल. वस्तुतः त्या छापील कागदानेच संकेतस्थळावरील जागेचे पैसे का भरावेत, या प्रश्नाचे उत्तर निर्यातदाराच्या टेबलावर नेऊन ठेवले. पितळी वस्तू बनविणाऱ्या कारखानदाराला संकेतस्थळ दाखवून त्याचे मन वळले नसते. परदेशातील एका खरेदीदाराचे नाव आणि त्याने मागितलेला भाव पाहून ते वळण्याची शक्यता होती. २००८ च्या जागतिक मंदीनंतर निर्यातीच्या चौकशा आटल्या आणि कंपनीने देशांतर्गत व्यापाराकडे मोर्चा वळविला.

संजीव बिखचंदानी यांनी मार्च १९९७ मध्ये सुरू केलेल्या 'नोकरी डॉट कॉम'ची घडण वेगळी होती. प्रारंभी वृत्तपत्रांतील नोकरीच्या जाहिराती गोळा करून त्या संकेतस्थळावर मांडण्यात आल्या. उमेदवार फुकट येत. पैसे भरावयाचे होते ते नोकरी देणाऱ्या कंपन्यांनी. उमेदवारांची गर्दी जमली म्हणून कंपन्या आपण होऊन पैसे भरतील, हा हिशेब त्या काळी अनेक नवउद्योजकांनी केला आणि २००० च्या घसरणीत त्यांतील बहुतेक वाहून गेले. आयसीआयसीआयकडून एप्रिल २००० मध्ये सुमारे ७.३ कोटी रुपयांचे भांडवल मिळाल्यावर 'नोकरी'ने ते केवळ जाहिरातींवर उधळले नाही. शहरोशहरी शाखा उघडून कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांना समक्ष भेटणारे विक्री-प्रतिनिधी नेमले. महाजालावरील व्यवसायाने पायपीट करणारी माणसे नेमावीत, यात वरकरणी विसंगती आहे. तथापि नोव्हेंबर २००६ मध्ये मूळ कंपनी भांडवल बाजारात उतरली तेव्हा तिच्या यशात या पायपिटीचा वाटा मोठा होता. बोरीबंदर ते अंधेरी लोकलने हिंडून वार्षिक वर्गणीचा धनादेश घेऊन येणाऱ्या प्रतिनिधीची नोंद तंत्रज्ञानाच्या इतिहासात सहसा होत नाही, म्हणून ती येथे केली.

मुंबईचेच दुसरे उदाहरण 'जस्टडायल'चे. व्ही. एस. एस. मणी यांनी १९९६ मध्ये ती सुरू केली तेव्हा तिला संकेतस्थळच नव्हते; होता तो ८८८ ८८८८ हा सहज लक्षात राहणारा दूरध्वनी क्रमांक. नळ दुरुस्त करणारा, भोजनव्यवस्था करणारा, दंतवैद्य असे काहीही विचारावे. पलीकडून नाव व क्रमांक विचारून पत्ते सांगितले जात. विचारणाऱ्याचा तपशील त्याच वेळी पैसे भरलेल्या व्यावसायिकांकडे जाई आणि पाच-दहा मिनिटांत त्याच्या दूरध्वनीची घंटा वाजे. संकेतस्थळ आले ते २००७ मध्ये. म्हणजे चौकशी नोंदवून विकण्याचा हा व्यवहार आधी आवाजावर घडला आणि मग पडद्यावर सरकला.

विवाह जुळविणाऱ्या संकेतस्थळांत चौकशी करणारा आणि पैसे भरणारा हे दोघे एकच असतात. नाव-नोंदणी मोफत, स्थळाची माहिती पाहणे मोफत, पण पुढच्या घराचा दूरध्वनी क्रमांक हवा असल्यास शुल्क, ही त्यांची रचना. मुरुगावेल जानकीरामन यांच्या 'भारत मॅट्रिमनी'ने मराठीसह निरनिराळ्या भाषकांसाठी स्वतंत्र शाखा उघडल्या. परंतु मुलीच्या वडिलांनी संकेतस्थळावर कार्डाचा क्रमांक टंकावा, ही अपेक्षा त्या काळात अवास्तव होती. त्यामुळे या क्षेत्रातील कंपन्यांनी शहरांतून प्रत्यक्ष केंद्रे थाटली. तेथे खुर्चीवर बसून, समोरच्या बाईंना चार प्रश्न विचारून, मगच पाकिटातून नोटा काढल्या जात. वधू-वर सूचक मंडळाच्या कार्यालयाची सवय असलेल्या मराठी मध्यमवर्गास त्यात अपरिचित असे काही नव्हते.

चौकशी स्वस्त झाली तेव्हा

दोन हजार दहाच्या दशकात खिशातील भ्रमणध्वनीवर महाजाल आले आणि चौकशीची किंमत जवळपास शून्यावर आली. फेसबुकने ऑक्टोबर २०१५ मध्ये आणलेल्या जाहिरातींत चौकशीचा अर्ज नाव, क्रमांक आणि पत्त्यासह आधीच भरलेला दिसे. वाचकाने केवळ बोट टेकवावयाचे. हॉपकिन्स यांच्या दृष्टीने पाहिल्यास कात्री, पाकीट आणि तिकीट हे तिन्ही एका फटक्यात नाहीसे झाले, आणि त्यांच्याबरोबर आस्थेचा पुरावाही. घरबांधणी, विमा, शिक्षण या क्षेत्रांत चौकशांचे ढीग साचले. दूरध्वनी केल्यावर 'मी कधी अर्ज भरला?' असे विचारणारी माणसे त्यात बहुसंख्य. महाविद्यालयांच्या प्रवेशाच्या हंगामातही आता हेच चित्र दिसते, हे शिक्षकवर्गास निराळे सांगावयास नको.

संख्या वाढली म्हणजे पाठपुराव्याचा वेग घटतो. याविषयीचा एक बहुचर्चित अभ्यास जेम्स ओल्ड्रॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्च २०११ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त प्रसिद्ध केला. अमेरिकेतील २,२४१ कंपन्यांना महाजालावरून चौकशा पाठवून उत्तरास लागणारा वेळ मोजण्यात आला. ३७ टक्के कंपन्यांनी तासाभरात उत्तर दिले. २३ टक्क्यांनी उत्तरच दिले नाही. तीस दिवसांच्या आत उत्तर देणाऱ्यांचा सरासरी वेळ ४२ तास निघाला. त्याच लेखातील दुसऱ्या पाहणीनुसार, तासाच्या आत संपर्क साधणाऱ्या कंपनीस निर्णयाधिकारी व्यक्तीशी अर्थपूर्ण बोलणे होण्याची शक्यता, तासभर अधिक उशीर करणाऱ्या कंपनीच्या जवळजवळ सातपट होती. जाहिरातीवर लाखो डॉलर खर्च करून आलेल्या माणसास दोन दिवस ताटकळत ठेवणारी ही व्यवस्था पाहता, दोष साधनांच्या अभावाचा नसून उत्तर देण्याची जबाबदारी कोणाची हे न ठरल्याचा आहे, असे म्हणणे भाग पडते. तथापि वेगाचा अतिरेकी अर्थ लावून दर तासाला दूरध्वनी करण्याची जी प्रथा भारतात पडली, तिचे समर्थन या अभ्यासातून निघत नाही.

स्वस्त चौकशीची खरी झळ लहान पुरवठादारास बसली. 'इंडियामार्ट'सारख्या बाजारपेठेत खरेदीदाराची चौकशी ही स्वतंत्रपणे विकत घेण्याची वस्तू बनली. एकच चौकशी एकाहून अधिक पुरवठादारांकडे जाते आणि प्रत्येकजण ती आपली मानून भाव पाडतो. कंपनी २०१९ च्या उन्हाळ्यात भांडवल बाजारात उतरली. त्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत तिच्याकडे सुमारे ५५ लाख पुरवठादारांची पाने होती आणि वर्गणी भरणारे पुरवठादार होते सुमारे १ लाख ३० हजार, म्हणजे शंभरात दोन-अडीच. तेवीस वर्षे या धंद्यात मुरलेल्या, दूरध्वनी आणि प्रत्यक्ष भेटी यांचे मोठे जाळे असलेल्या कंपनीस स्वतःच्या मोफत सदस्यांपैकी इतक्यांनाच पैसे भरावयास लावता आले. या आकड्यास अपयश मानण्याचे कारण नाही, कारण एवढ्या अल्प प्रमाणावरही धंदा नफ्यात चालू शकला. पण नव्या उद्योजकांच्या योजनापत्रांत दहा-वीस टक्के रूपांतर सहज गृहीत धरलेले असते, त्यांनी हा आकडा समोर ठेवावा हे बरे.

पैसे भरण्याची पायरी

वस्तूविक्रीच्या क्षेत्रात अडथळा चौकशीनंतर, अगदी शेवटच्या क्षणी येत असे. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून महाजालावरील कार्डव्यवहारांना अतिरिक्त पडताळणी सक्तीची केली. फसवणुकीस आळा घालणारा हा निर्णय योग्यच होता. परंतु तेव्हाच्या मंद जोडण्यांवर पडताळणीचे पान उघडेपर्यंत व्यवहार तुटत. पैसे गेले की राहिले, हेही काही वेळ कळत नसे. शिवाय कार्ड जवळ असणारेच मुळात थोडे. बेंगळूरूच्या 'फ्लिपकार्ट'ने २०१० मध्ये माल दारात पोहोचल्यावर रोख पैसे घेण्याची पद्धत आणली आणि ती देशभर पसरली. हे तंत्र नवे म्हणून गौरविले गेले. वास्तविक ते १८७७ च्या व्ही.पी.चे पुनरागमन होते. पोस्टमनच्या जागी पाठीवर मोठी पिशवी घेतलेला तरुण आला, इतकेच. जुन्या व्यवस्थेचे दुखणेही पाठोपाठ आले. ऐन वेळी 'नको' म्हणून परत पाठविलेल्या पार्सलांचा खर्च विक्रेत्याच्या माथी बसू लागला, आणि व्ही.पी. परत न करण्याची विनवणी करणाऱ्या संपादकाची व्यथा नव्या पिढीच्या व्यापाऱ्यास कळली.

२०१६ मध्ये आलेल्या यूपीआयने ही पायरी पुष्कळच बुटकी केली. जानेवारी २०१८ मध्ये व्यावसायिकांसाठी व्हॉट्सॲपची स्वतंत्र आवृत्ती निघाली. आता साडी विकणारी गृहिणी किंवा कोकणातील आंबा बागायतदार चौकशीचे उत्तर, मालाचे छायाचित्र आणि पैसे भरण्याची खूण हे सर्व एकाच संभाषणात पाठवू शकतो. येथे नरसाळे नाही, नोंदवही नाही. 'पेटी कधी मिळेल?', 'हापूसच ना?' असे संभाषण आहे. बागायतदार स्वतः उत्तर देतो, बहुधा तासाच्या आतच देतो, आणि ओल्ड्रॉइड यांचा लेख त्याने वाचलेला नसतो.

संमतीचा प्रश्न

या इतिहासाची दुसरी बाजू चौकशी करणाऱ्याची आहे. सेथ गोडिन यांनी १९९९ मध्ये अनुमतीवर आधारित विपणनाची कल्पना मांडली तेव्हा ग्राहकाने आपण होऊन परवानगी दिल्यावरच त्याच्याशी बोलावे, असा तिचा आशय होता. भारतात नेमके उलट घडले. बँका आणि विमा कंपन्यांच्या दूरध्वनींनी लोक इतके हैराण झाले की दूरसंचार नियामक प्राधिकरणास २००७ मध्ये 'कॉल नको' म्हणणाऱ्यांची राष्ट्रीय नोंदवही काढावी लागली. तिने पुरते भागले नाही म्हणून २०१० मध्ये नवे विनियम झाले, सप्टेंबर २०११ पासून ते पूर्णतः लागू झाले आणि २०१८ मध्ये त्यांचीही जागा दुसऱ्या विनियमांनी घेतली.

या नियमांतून वाट काढण्याचे साधन चौकशीच्या अर्जातच दडलेले होते. अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरांत, आमच्या प्रतिनिधींनी वा सहयोगी संस्थांनी संपर्क साधण्यास माझी संमती आहे, असे वाक्य आणि त्यासमोर आधीच उमटलेली बरोबरची खूण. मोटारीच्या विम्याचा एक भाव पाहू इच्छिणाऱ्याने कळ दाबली की त्याने नोंदवहीतील आपला नकार जणू स्वतःच मागे घेतला. 'सहयोगी संस्था' या शब्दांची व्याप्ती कोठवर जाते, हे त्याला कोणी सांगत नसे. त्याची चौकशी हस्तांतरित होई, आणि न घेतलेल्या विम्याबद्दल त्याला वर्षभर दूरध्वनी येत.

ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि प्रमुख तरतुदींच्या अंमलासाठी मुदत ठेवण्यात आली. संमती विशिष्ट हेतूपुरती, माहितीपूर्वक आणि निःसंदिग्ध असावी. ती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे. आणि हेतू संपल्यावर माहिती पुसून टाकावी, असे हा कायदा सांगतो. यातील शेवटची तरतूद चौकशीच्या धंद्यास सर्वाधिक भिडणारी आहे. विक्रीच्या नोंदींत ग्राहक न झालेल्यांसाठी 'थंड' असा एक स्वतंत्र रकाना असतो. दोन-तीन वर्षांनी नवी योजना निघाली की तेथील नावे पुन्हा बाहेर काढली जातात; कित्येक संस्था अशा नावांच्या संख्येस आपली मत्ता मानतात. भाव विचारून 'नको' म्हणून निघून गेलेल्या माणसाचा हेतू नेमका कोणत्या दिवशी संपला असे धरावयाचे, हे नरसाळ्याची आकृती काढणाऱ्यांपैकी कोणी ठरविलेले नव्हते, आणि आता ते प्रत्येक चौकशीच्या अर्जात ठरवून लिहावे लागणार आहे.